मंगळवारचं त्रिपुरा

परळच्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरी करते, तिथं लिफ्टच्या समोर माझी खोली आहे. दारावर पाटी आहे, ‘दूरचिकित्सा कक्ष’. पाटी रंगवणाऱ्याने ‘दूर’ आणि ‘चिकित्सा’ यांच्यामध्ये जरा जास्त जागा सोडली. त्यामुळे बरेच पेशंट ती वाचून मागे सरकतात आणि तिथूनच नंबर कधी लागेल म्हणून विचारतात. काहींना ती दुर्बिणीची खोली वाटते, म्हणजे पोटात नळी घालून तपासतात ती. असे लोक सकाळपासून उपाशी येऊन बसलेले असतात. त्यांना मी खालच्या मजल्यावर पाठवते. आधी काहीतरी खाऊन घ्या असं सांगायचा मोह होतो, पण तो आवरते.

माझं काम साधं आहे. आमचे डॉक्टर इथं परळला खुर्चीत बसतात. पेशंट कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात, एखाद्या छोट्या सरकारी दवाखान्यात बसतो. दोघांच्या मध्ये पडदा, कॅमेरा, माइक आणि मी. पेशंट दिसला पाहिजे आणि डॉक्टर ऐकू गेले पाहिजेत, एवढं बघायचं. आजार माझ्याकडे नाही. आजार दिसत नसेल तर मात्र तो माझ्याकडे.

त्याआधी मी गिरगावात फणसवाडीत एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली मुलगी दुकानात बसते म्हणून सुरुवातीला वाडीतले लोक टीव्ही चालू असतानाही घेऊन यायचे. दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत, मीही म्हणायचे. पुढे टीव्ही पातळ झाले आणि बिघडले की लोक नवीनच घ्यायला लागले. तेव्हा काका मला म्हणाले, “पोरी, आता टीव्ही आजारी पडत नाही, डायरेक्ट जातो. तू माणसांच्या हॉस्पिटलात बघ. माणसं अजून दुरुस्तीला आणतात.” मी बघितलं, आणि लागले.

घरी मी आणि आई. वडील गिरणीत होते, ते गेले, गिरणीही गेली. आमची चाळ पाडून तिथं टॉवर झाला आणि उतारवयात आईला दार बंद करून घरात बसायची सवय लावून घ्यावी लागली. ती तिला अजून नीट लागलेली नाही. माझी नोकरी म्हणजे नक्की काय, हे मी तिला समजावलं होतं. तिने ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. संध्याकाळी दार उघडताना ती विचारायची, “आज खय जाऊन इलीस?” मी म्हणायचे, “सकाळी झारखंड, जेवणानंतर केरळ.” ती चहा ठेवायची. मजल्यावरच्या बायकांना तिने हे असंच्या असं सांगितलं होतं. एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी मला विचारलं की सिक्कीमला थंडी फार आहे का. मी म्हटलं, स्वेटर लागतो. ते खरंच होतं. तिकडच्या नर्सने घातलेला मी पडद्यावर बघितला होता.

मंगळवारी त्रिपुरा असायचं. डोंगराच्या कुशीतला एक छोटा दवाखाना. तिथं पडद्याची बाजू सांभाळणारा जो माणूस होता, त्याला मी बराच काळ ओळखत होते पण पाहिलेला नव्हता. तो कॅमेऱ्याच्या मागे असायचा, मी इकडे कॅमेऱ्याच्या मागे. मला फक्त त्याचा हात माहीत होता. पेशंट बसला की डाव्या बाजूने तो हात यायचा, कॅमेरा थोडा वळवायचा आणि जायचा. मनगटावर ढिल्या पट्ट्याचं स्टीलचं घड्याळ. तो मूळचा औषधं देणारा. एकदा त्याने दवाखान्यातला लसींचा फ्रीज चालू करून दिला आणि त्या दिवसापासून तिथली तारेला जोडलेली प्रत्येक वस्तू त्याची झाली.

आमची भाषा हिंदी, म्हणजे दोघांचीही नाही. तो बंगालीतून हिंदीत यायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात सगळ्या बायका ‘आता है’ आणि ‘जाता है’. मी परळची, त्यामुळे ‘मेरे को’ आणि ‘तेरे को’. दोघांनाही समोरच्याचं हिंदी शुद्ध वाटायचं. आणि बोलणं तरी काय? आवाज मिळतोय का, चित्र आलं का, माइक जरा जवळ घ्या. माझी एकच तक्रार कायम असायची, की चित्र काळोखं येतं. तो दर वेळी मनापासून खोलीत बघून सांगायचा, “दीदी, इधर तो एकदम साफ दिखता है.” त्याच्या खोलीत साफ दिसत होतंच. मी तिथं नव्हते, एवढंच.

एका मंगळवारी समोर एक म्हातारी बाई येऊन बसली. पांढरी साडी, निळसर काठ, मानेवर पुढच्या बाजूला लिंबाएवढी गाठ. आमच्या इकडे ज्या डॉक्टर बसल्या होत्या त्या मानेची आणि घशाची ऑपरेशनं करतात. हॉस्पिटलात त्यांना सगळे नुसतंच मॅडम म्हणतात आणि दुसऱ्या कुठल्या मॅडमबद्दल बोलायचं असेल तर नाव घ्यावं लागतं. मॅडमनी विचारलं, गाठ किती दिवसांपासून आहे. त्या माणसाने बंगालीत विचारलं. म्हातारी बोलायला लागली. ती बराच वेळ बोलली, मध्ये हातवारे केले, एकदा कॅमेऱ्याच्या मागे कुणाकडे तरी बोट दाखवलं. ती थांबल्यावर तो म्हणाला, “दो महीना.”

मॅडमनी विचारलं, गिळताना त्रास होतो का. म्हातारी परत बोलली. या वेळी आणखी जोरात. तो म्हणाला, “थोड़ा.”

मॅडम माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “एवढ्या बोलल्या त्या, आणि ‘थोडा’?” मग माइककडे वळून त्यांनी हिंदीत तेच विचारलं. पेशंटने सांगितलेलं सगळं सांगा, गाळू नका.

माइक जवळ ओढल्याची खरखर झाली. मग तो म्हणाला, “मैडम, बाकी मुझे डाँट रहा है. ये मेरा माँ है.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. दोन महिने नाही, वर्ष झालं होतं. तिने लपवलं होतं, म्हणजे गळ्याभोवती पदर घेऊन फिरत होती, आणि तो रोज घरात असून त्याला दोन महिन्यांपूर्वीपर्यंत कळलं नव्हतं. आता ती त्याला सांगत होती की दुसऱ्यांच्या गाठी टीव्हीवर दाखवतोस, आपल्या आईची दिसली नाही. हेही त्याने नंतर भाषांतर करून सांगितलं, कारण मॅडमनी गाळू नका म्हटलं होतं.

गाठीची तपासणी झाली, रिपोर्ट आले. गाठ श्वासनळीला चिकटून वाढत होती. मॅडमनी सांगितलं, आणता आलं तर इथं आणा, मी करते. दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला. मंगळवार सोडून आलेला त्याचा पहिला फोन. “दीदी, उधर रहने का कैसा है?”

परळला राहणाऱ्याला हा प्रश्न नवीन नाही. आमच्याकडच्या हॉस्पिटलांच्या भोवतीच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, ओडिशा, उत्तर प्रदेश, सगळी राज्यं चटई पसरून असतात. स्टोव्हवर भात शिजत असतो, झाडाला एक्स-रेची पिशवी टांगलेली असते. दादरच्या धर्मशाळेत मी चौकशी केली. नंबर लागायला वेळ होता. घरी मी हे आईला नुसतं बोलून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती.

“तो मंगळवारचा?” तिने विचारलं.

“हो.”

“मग हंयच येऊ दे की.”

“आई, जागा कुठाय?”

“चाळीत तेव्हा कुठं होती? गावचे नऊ जण येऊन ऱ्हायचे.”

चाळीत कॉमन गॅलरी होती, झोपायला तेवढी जागा मिळायची, हे मी सांगणार होते. पण आईने ताटातला खडा काढून बाजूला ठेवला, म्हणजे विषय संपला होता.

मी त्यांना आणायला कुर्ल्याच्या टर्मिनसवर गेले. गाडी तीन दिवसांचा प्रवास करून आली होती आणि सगळी माणसं सारखीच दिसत होती. मी फोन लावला. जवळच्याच खांबापाशी एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या माणसाचा फोन वाजला आणि त्याने तो कानाला लावला. मी आधी त्याच्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ तेच होतं. माझ्या डोक्यात तो उंच आणि हडकुळा होता. हा त्या आवाजात बोलतोय हे पटायला टॅक्सी सायनला पोचावी लागली. तोही माझ्याकडे चोरून बघत होता. शेवटी म्हणाला की आवाजावरून त्याला वाटलं होतं मी रिटायर व्हायला आले असेन. मी म्हटलं, माइक जुना आहे.

त्याची आई खिडकीशी बसली होती. तिने वडाळ्यापर्यंत बाहेर बघितलं आणि मग मुलाला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, ती विचारतेय, इथं माणसं जमिनीवर राहत नाहीत का.

घरी दोन म्हाताऱ्या समोरासमोर आल्या. माझ्या आईला मराठी येतं, तेही आमच्या तळकोकणातलं. त्याच्या आईला बंगाली येतं. दोघींनी एकमेकींचे हात धरले, आपापल्या भाषेत चौकशी केली आणि मग दोघीही आमच्याकडे बघायला लागल्या.

त्याला उपाय माहीत होता. त्याच्या फोनमध्ये भाषांतराचं अॅप होतं. मराठीत बोला, फोन बंगालीत बोलतो. बंगालीत बोला, मराठीत. त्याने फोन दोघींच्या मध्ये स्टुलावर उभा केला. फोनचा आवाज पुरुषाचा होता. आईने पदर सारखा केला.

“बोल ना आई,” मी म्हटलं.

“हा मधी कोण बोलतो?”

“कोणी नाही. मशीन आहे.”

आई फोनकडे बघून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “बोंबील खाणार का?”

फोन बंगालीत काहीतरी बोलला. समोरच्या म्हातारीचा चेहरा पडला. तिने मुलाकडे बघितलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. तो गोंधळला. त्याने स्क्रीन बघितली आणि मला दाखवली. मला वाचता येईना, तेव्हा त्याने हिंदीत सांगितलं. बोंबील हा शब्द फोनला माहीत नव्हता. त्याने तो बोंब या शब्दावरून लावला आणि विचारलं, ओरडा खाणार का? बंगालीतही ओरडा खातातच. म्हातारी विचारत होती की आल्या आल्या तिचं काय चुकलं.

मी आईला सांगितलं. आईने फोनकडे पाठ केली. उठून आत गेली, फ्रीजमधून रवा लावून ठेवलेला एक बोंबील ताटलीत घेऊन आली आणि म्हातारीपुढे धरला. म्हातारी वाकली, नीट बघितलं, आणि एकदम हसून म्हणाली, “लोइट्टा!” त्यांच्याकडे तो सुका मिळतो, लांबून येतो, आणि त्याला लोइट्टा म्हणतात. मग तिनेही आपली पिशवी उघडली आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ते शिदोल होतं. म्हणजे मडक्यात दाबून, मुरवून ठेवलेली मासळी. तिने दुसऱ्या दिवशी त्याची चटणी केली. आमच्या मजल्यावर सुकटीच्या वासाला लोक सरावलेले आहेत, तरी दोन घरांतून माणसं येऊन गॅस लीक होतोय का म्हणून विचारून गेली. आईने सांगितलं, “त्रिपुराचा आहे.” बायकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. त्यांना वाटलं, मी आणलं.

ऑपरेशनच्या आधी तपासण्या चालू होत्या, आणि मध्ये मंगळवार आला. त्रिपुराचे पेशंट ठरलेले होते आणि त्रिपुराचा माणूस तर माझ्या खोलीत बसलेला. तिकडे त्याने एका नर्सला सगळं शिकवून ठेवलं होतं. मी पडदा चालू केला. छत दिसलं. तो इकडून फोनवर नर्सला सांगत होता, खाली घे, अजून खाली, डावीकडे. चित्र हलत हलत एका खुर्चीवर येऊन थांबलं. खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. बाई की पुरुष ते कळत नव्हतं.

तो बोलायचा थांबला. पडद्याच्या जवळ गेला. मग मागे आला.

“दीदी, लाइट बंद है क्या उधर?”

त्याने नर्सला विचारलं. लाइट चालू होता. सगळे चालू होते.

तो पडद्याकडे बघत उभा राहिला. त्याची स्वतःची खोली होती ती. त्याने लावलेली खुर्ची, त्याने खिळा ठोकून टांगलेलं कॅलेंडर. इतके मंगळवार तो त्या खोलीतून बोलत होता आणि इकडून ती कशी दिसते हे त्याने पहिल्यांदा बघितलं. मॅडम आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि नेहमीसारख्या पुढे झुकल्या. पडद्याला जवळजवळ नाक लागेल इतक्या. त्याने विचारलं, दर वेळी असंच बघता? मॅडम म्हणाल्या, हो, त्रिपुरा असंच दिसतं. आणि पेशंटला मान वर करायला सांगितली.

तो त्यानंतर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिला. पेशंट संपले, मॅडम गेल्या, तरी उठेना. मी विचारलं, चहा घेणार का. तो म्हणाला, “माँ भी उधर ही बैठा था.”  गाठ लिंबाएवढी होती, म्हणून ती त्या काळोखातही दिसली होती. लहान असती तर कुणालाच दिसली नसती, इथंही नाही. हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. शेवटी तो उठला आणि विचारलं, इथं दिवे कुठं मिळतात.

दिवे मुंबईत कुठंही मिळतात. पण कुठला दिवा हवा हे सांगणारा माणूस मला एकच माहीत होता. मी त्याला फणसवाडीत काकांकडे घेऊन गेले. काका आता दुकानात सेट-टॉप बॉक्सचे रिमोट विकत बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “भिंतीचा रंग कुठला?”

तो म्हणाला, हिरवा. अर्धा खाली हिरवा, वर पांढरा.

“आणि खिडकी पेशंटच्या पाठीशी.”

त्याने चमकून मान डोलावली. काका मला म्हणाले, “मग काय होणार? कॅमेरा खिडकी बघतो, माणूस बघत नाही. लग्नाच्या व्हिडिओत नवरा काळा यायचा तेव्हा माझ्याकडे हेच घेऊन यायचे.” त्यांनी पांढरी एलईडीची पट्टी घेतली, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर वाकवून बसवली, वर दुधी ॲक्रिलिक लावलं, म्हणजे पेशंटच्या डोळ्यांवर येणार नाही. मग दुकानातलं एक गिऱ्हाईक खिडकीपाशी उभं करून मोबाइलने त्याचा फोटो काढला, दिवा लावून आणि न लावता. गिऱ्हाईक रिमोट घ्यायला आलं होतं. तो माणूस शांतपणे मान वर करून उभा राहिला. दिवा लावलेल्या फोटोत त्याच्या मानेवरचा तीळ दिसला. काकांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. मॅडमनी बाहेर येऊन त्याला सांगितलं, आणि हेही सांगितलं की आवाजाची नस गाठीला लागूनच होती, तिला धक्का बसलेला असू शकतो, आवाज यायला वेळ लागेल. कदाचित पूर्वीसारखा येणार नाही. तो ‘जी, जी’ म्हणाला. त्याचं लक्ष ‘पूर्ण निघाली’ इथंच थांबलं होतं.

ते घरी परत आल्यावर त्याला कळलं. त्याची आई तोंड उघडायची, ओठ हलायचे, आणि वाऱ्यासारखं काहीतरी बाहेर पडायचं. तो जवळ कान नेऊन ऐकायचा. अॅपला ते ऐकूच जायचं नाही. फोन स्टुलावर ‘बोला’ म्हणून थांबून राहायचा आणि मग आपोआप बंद व्हायचा. एका दुपारी तो जेवता जेवता थांबला आणि मला म्हणाला की लहानपणापासून घरात तिचा आवाज एवढा होता की त्याला अभ्यास करायला मंदिराच्या ओट्यावर जावं लागायचं. आता तीन खोल्यांतून काही ऐकू येत नाही. खोल्या दोनच होत्या, पण मी ते दुरुस्त केलं नाही. त्याने हात धुतले आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ उभा राहिला. खाली हार्बर लाइनपर्यंत दिसतं आमच्याकडून. तो काय बघत होता कोण जाणे.

माझ्या आईवर याचा काही परिणाम झाला नाही. समोरची बोलत नाही म्हटल्यावर तिला सगळा वेळ मिळाला. सकाळी बुद्धवंदना झाली की ती म्हातारीजवळ बसायची आणि सुरू व्हायची. गिरणीचा संप, माझ्या वडिलांची पानाची सवय, टॉवरच्या सेक्रेटरीचा स्वभाव. म्हातारी मान हलवायची आणि योग्य जागी हसायची. योग्य जागा तिला कशा कळायच्या ते मी बरेच दिवस बघितलं, मला सापडलं नाही.

हॉस्पिटलातून आवाजाचा व्यायाम सांगितला होता. दिवसातून काही वेळा लांब ‘आ’ म्हणायचं. म्हातारीला एकटीने म्हणायची लाज वाटायची. आई म्हणाली, मी पण म्हणते. दुपारी मी एकदा लवकर घरी आले तर लिफ्टमधून बाहेर पडतानाच ऐकू आलं. एक ‘आ’ माझ्या आईचा, अख्ख्या मजल्यावर घुमणारा, आणि त्याच्या खाली दुसरा, हवेचा. इंटरकॉम वाजत होता. वॉचमन विचारत होता, मावशींना काही झालंय का. मी म्हटलं, व्यायाम चालू आहे. तो म्हणाला, खालच्या मजल्यावरचे साहेब विचारतायत, संपणार कधी.

संपला नाही. रोज चालू राहिला. एका संध्याकाळी तो औषधं आणायला खाली जात होता आणि दाराशी चपला शोधत होता. मागून एक घोगरा, जाड, पुरुषासारखा आवाज आला. दोन शब्द होते. तो तसाच वाकलेला राहिला. मग वळला. त्याची आई खुर्चीतून त्याच्याकडे बोट दाखवत होती. ते दोन शब्द तिने पुन्हा म्हटले, जरा चिडून. तो खाली बसला, दाराच्या चौकटीला टेकून, आणि रडला. माझ्या आईने माझ्याकडे बघितलं.

“काय म्हणाली ती?” मी त्याला नंतर विचारलं.

“छत्री ले जा, बोला.”

बाहेर पाऊस नव्हता. तो छत्री घेऊन गेला.

ते परत गेले तेव्हा दिवा त्याने चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. सामानात ठेवायला तयार नव्हता. पुढच्या मंगळवारी मी पडदा चालू केला आणि मागची भिंत खरंच हिरवी निघाली. मॅडम सवयीने पुढे झुकल्या आणि मग मागे होऊन नीट टेकून बसल्या. असं टेकून बसलेलं मी त्यांना त्रिपुराच्या वेळी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी भिंतीवर पाल आहे असं सांगितलं. तो म्हणाला, ती आधीपासून आहे.

झारखंडला पडद्याची बाजू सांभाळणाऱ्या मुलाने एकदा विचारलं, त्रिपुराचं चित्र चांगलं येतं म्हणे. या सगळ्या केंद्रांचं एकमेकांशी कुठं बोलणं होतं ते मला माहीत नाही, पण होतं. सरकारी रीतीने दिवा मागवायचा तर त्याला आधी यादीत जागा हवी, आणि असल्या दिव्याला यादीत नाव नव्हतं. मग आम्ही पेशंटबरोबर पाठवायला लागलो. झारखंडहून परळला तपासणीला आलेलं कुणीतरी परत जाताना दिवा घेऊन जातं. ओडिशाचा गेला, बिहारचा गेला. काका प्रत्येकाच्या भिंतीचा रंग विचारून घेतात. केरळने सांगितलं, आमच्याकडे आहे. काका त्यावर म्हणाले, तरी रंग कुठला आहे ते विचार.

त्रिपुराच्या त्या माणसाची आता बदली झाली आहे, जिल्ह्याच्या गावी. तिथं तो इतर दवाखान्यांतल्या लोकांना पडदा आणि कॅमेरा शिकवतो. त्याच्या जागी एक मुलगी आली आहे. ती कॅमेऱ्यासमोर येऊन आधी स्वतःचं तोंड दाखवते आणि मगच पेशंट बसवते. मॅडमच्या दृष्टीने त्याच्या आईचं सगळं चांगलं आहे. आवाज घोगराच राहिला. तिला तो आवडतो असं तो म्हणतो. बाजारात लोक लगेच वळून बघतात.

रविवारी दुपारी आई तिच्याशी व्हिडिओवर बोलते. अॅप मध्ये घेत नाही. मी पेपर वाचत असते, आणि एकीचं मराठी आणि दुसरीचं बंगाली एकाच वेळी चालू असतं, कुणी कुणासाठी थांबत नाही. गेल्या महिन्यात मी विचारलं, एवढं काय चाललंय.

“मुलाचं लग्न काढलंय त्यांनी. मुली बघतायत. एकीला मी नको म्हटलं.”

“तू? तुला काय कळलं?”

“फोटो दाखवला तिने. मी अशी मान हलवली.” आईने मान हलवून दाखवली.

“आणि त्यांनी ऐकलं?”

“त्यांनाही नकोच होती. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं.”

लग्न आता दुसऱ्या मुलीशी ठरलंय. ती शाळेत विज्ञान शिकवते. आईला जायचंय, आणि विमानाने जायचंय. मजल्यावरच्या बायकांना तिने सांगूनही टाकलं आहे. त्यातल्या एकीने मला परवा विचारलं, तुला काय, तू तर नेहमीच जातेस. मी म्हटलं, या वेळी खरंच जातेय. तिला काही कळलं नाही. सुट्टी मंजूर झाली आहे.